मळलेल्या हातांची जाहिरात

हॅलो?... हां, मुंगे, बोल. ऐकू येतंय गं, ओरडू नकोस. पाय मोडलाय माझा, कान शाबूत आहेत.

नाही, नाही, व्हिडिओ नको लावूस. सकाळी लावलास तर पाऊण तास मला तुझी हनुवटी दिसत होती. नुसतं बोल.

काय झालं?... कितवा?... एकोणिसावा टेक! अगं, अकरा वर्षं माझी सहायक म्हणून काढलीस, माझ्या सेटवर कधी एकोणीस टेक झालेले पाहिलेस?... चपलांच्या जाहिरातीत चौदा झाले होते, बरं, ते सोड.

थांब, एक मिनिट. अहो, उशी पायाखाली ठेवायचीय, डोक्याखाली नाही... तुला नाही गं, ह्यांना सांगतेय. कालपासून हे माझी सेवा करतायत आणि मी जीव मुठीत धरून पडलेय. हां, बोल.

रडतेयस का तू?... मग आवाज असा घुमतोय का?... बाथरूममध्ये जाऊन बोलतेयस? म्हणजे रडतेयसच. हे बघ, नाक पूस आणि पहिल्यापासून सांग. साबणवाले साहेब काय म्हणाले?

असं म्हणाले? सगळ्यांसमोर?... "बाई स्वतः असत्या तर आत्तापर्यंत काम आटपलं असतं"... बरं. पुढे?... आजोबा बदला? आणि कोणाला आणायचं म्हणतात?... नट! इस्त्रीचा शर्ट घालून येणार, त्याला तुम्ही ग्रीस फासणार, आणि तो सायकलवाला होणार! नाही, नाही, नाही. आजोबांना कोणी हलवायचं नाही. त्या हातांसाठी तीन आठवडे उन्हातान्हात हिंडलेय मी. सत्तावीस सायकलवाल्यांचे हात पाहिलेत. एकाने तर विचारलं, बाई, हात बघून भविष्य सांगता का?

हस, हस. जरा बरं वाटेल.

किती वाजलेत आता?... अडीच. नातीचं काम करणाऱ्या चिंगीला पाचला सोडायचं, तिच्या आईला तसा शब्द दिलाय मी... मग वेळ आहे की!... काय?... पाचपर्यंत जमलं नाही तर काम काढून घेणार? दुसऱ्या दिग्दर्शकाला देणार? असं स्वच्छ शब्दांत म्हणाले?

हं...

नाही, घाबरले नाहीये मी. पाणी पितेय.

बरं, आता ऐक. आज दिग्दर्शक तू आहेस. कोणाच्या बदली आलेली नाहीस... हो, माहितीय मला, साहेबांना असं सांगितलंय की बाई फोनवरून सगळं करून घेतायत. पण ते निर्मात्याने सांगितलंय, मी नाही... मी हो म्हणाले होते?... बरं बाई, म्हणाले होते. भुलीच्या इंजेक्शनमध्ये होते मी, त्याने मला राणीची मोलकरीण व्हायला सांगितलं असतं तरी हो म्हणाले असते.

आता मला सांग, आजोबा करतायत काय नेमकं?... कॅमेरा सुरू झाला की हसतात? कोणाकडे बघून?... साबणाकडे! अगं, साबणाकडे बघून कोण हसतं? तू कधी हसलीस?... कोणी शिकवलं त्यांना हे?... मेकअपवाल्याने? "आजोबा, जरा प्रसन्न दिसा"! त्याला माझा निरोप सांग, म्हणावं बाई चालायला लागल्या की आधी तुझ्याकडे येणार आहेत, तुला प्रसन्न करायला.

हं... आणि तो साबणाचा तुकडा? दर वेळी पडतो?... हात थरथरतात...

अगं ऐक ना. आपलं चित्र काय आहे? सायकल दुरुस्त करणारा म्हातारा माणूस कामावरून घरी येतो. बेसिनवर नवा साबण, आणि शेजारी जुन्याचा उरलेला पातळ तुकडा. तो तुकडा ते नव्यावर दाबून चिकटवतात, आपण सगळे चिकटवतो तसा. मग हात धुतात. नात येते, हातांचा वास घेते, आपलं वाक्य म्हणते. झालं. तीस सेकंद. यात प्रसन्न कुठे आलं? माणूस दमून आलाय!

आणि थरथर कसली? मी त्यांच्या दुकानात बसले होते ना तासभर. चाकाचे स्पोक ताणत होते, हाताला कंप म्हणून नव्हता. एवढासा छर्रा दोन बोटांत धरून बसवला त्यांनी. मुंगे, मला एक सांग... हात काळे कशाने केलेत?

काय?... तपकिरी रंग आणि ग्लिसरीन?

मुंगे!

अगं, पन्नास वर्षं ज्या माणसाच्या नखांतलं काळं गेलं नाही, त्याचे हात आधी साबणाने लख्ख धुवायचे, आणि मग त्यावर ब्रशने मळ रंगवायचा! म्हणून थरथरतात ते. त्यांना स्वतःचे हात ओळखू येत नसतील. लग्नात उभं केल्यासारखं झालं असेल बिचाऱ्यांना... नाही, तुला नाही ओरडत. ओरडतेय, पण तुला नाही.

काम दे, भाव मागू नकोस; काम करताना चेहऱ्यावर भाव आपसूक येतो. किती वेळा सांगितलंय मी हे?... पाठ म्हणून दाखवू नकोस, कर! कप धुताना दाखवायचा असला तर मी आधी कपभर चहा त्या बाईला प्यायला लावते. गादीच्या जाहिरातीत तो पहिलवान आठवतोय? "दमल्यासारखं करा" म्हटलं की नाटकातला राजा मेल्यासारखा आडवा व्हायचा. मग मी त्याला स्टुडिओतले सगळे दिवे खालून वर आणि वरून खाली न्यायला लावले. दुपारी गादीवर पडला तो घोरायलाच लागला! तेच घोरणं ठेवलं आपण. लोक अजून त्या घोरण्याचं नाव काढतात.

हो, हो, आणि काल खऱ्या साबणाचं खरं पाणी फरशीवर ओतायला लावलं आणि खरीच आपटले. बोल, बोल, तू पण बोलून घे. साबणाच्या जाहिरातीत साबणावरून घसरून पडणारी दिग्दर्शिका मीच असेन. ह्यांनी कालपासून अकरा जणांना हे रंगवून सांगितलंय.

ते जाऊ दे. सेटवर सायकल आहे?... शोभेची नको, ती तर नवीकोरी आहे. खरी. वापरातली. खराब... आपला साउंडवाला सायकलवर येतो ना! ती कुठंय? बाहेर लावलीय?... जा, चेन काढ तिची... अगं, त्याला विचारून काढ!... नाही म्हणतो?... दे, त्याला फोन दे.

हां, काय रे बाबा... बरी आहे, बरी आहे. ऐक, तुझ्या सायकलीची फक्त चेन उतरवायचीय... अरे मोडणार नाही, पन्नास वर्षं तेच करतायत ते. बसवून देतील, तेल घालून देतील... ब्रेक? ब्रेकही आवळतील... मागचं चाक डुगडुगतं? मग तर तुझं नशीब फळफळलं! जा, पळ, आण आत. आणि मुंगीला फोन दे.

हां, मुंगे. आजोबांना हसायला सांगू नकोस, काही करायला सांगू नकोस. एवढंच म्हण, आजोबा, ह्याची सायकल बिघडलीय, घरी कसा जाणार तो? बस. आणि तो रंग धुवून टाक आधी. फोन ठेवू नकोस, खिशात टाक. मला ऐकू दे.

...

अहो, नाही, संपलं नाही बोलणं. चालूच आहे... बोलत नाहीये, ऐकतेय... मला काही खायला नको. तुम्ही जेवा... हो, पायाला सुद्धा नको.

...

मुंगे?... हॅलो? खडखड कसली येतेय? फरशीवर पाना पडला?... बोल गं, मी इथे छताकडे बघत पडलेय. माझ्या छताला तेरा चिरा आहेत, दोनदा मोजून झाल्या.

हं... हं... काय म्हणतायत आजोबा?... साउंडवाल्याला रागावतायत? "तेल शेवटचं कधी घातलं होतं?" हा हा! मग? खाली मान घालून उभा आहे? बरं झालं, मला दहा वर्षं जमलं नाही ते. हात?... थरथरत नाहीत ना? मी काय सांगितलं होतं! काळे झालेत? नखांपर्यंत?... देवा, किती छान.

आणि चिंगी कुठंय? तिला तिच्या आईजवळ बसव, फ्रॉक मळेल... काय?... त्यांच्या शेजारी उकिडवी बसलीय?... पाने देतेय हातात?... कोणी सांगितलं तिला?... कोणीच नाही. हं. आणि फ्रॉक?... अगं तो एकच फ्रॉक आहे! कपडेवाली काय करतेय?... तू थांबवलंस तिला? तू?... हाताने अडवलंस?

बरं... बरं केलंस.

मग आता वेळ घालवू नकोस. आजोबांना बेसिनपाशी घेऊन जा, पहिलं चित्र लाव. ते एकटे, दार उघडतं, नळ... काय?... दोघं? नाही, दोघं नाहीत गं. चिंगी पाचव्या चित्रात येते. साहेबांनी सही केलीय त्या कागदावर काढलेल्या सहा चित्रांवर, प्रत्येकाच्या खाली, तारखेसकट... हो, तिचे हात काळे झाले असतील, पुसून घे ना!

काय?... तुकडा पडू दे? म्हणजे?... त्यांच्या हातून पडेल... बेसिनमध्ये... आणि ती उचलणार... आणि तीच दाबून बसवणार? त्या काळ्या हातांनी?... अगं, मग साबण काळा होईल!

होऊ दे?

मुंगे, ताप आलाय का तुला? पांढराशुभ्र म्हणून विकतायत ते तो साबण! बाहेर साहेब बसलेत, त्यांना तिथल्या तिथे घेरी येईल. आणि माझी ओळ? ती कुठे येणार मग?... नाहीच? ओळच नाही?... अगं, "आजोबा, तुमच्या हातांना सकाळचा वास येतोय"... तीन आठवडे घासलीय मी ती ओळ! ह्यांना वाचून दाखवली तर ह्यांच्या डोळ्यांत... काय?... सहा वर्षांची मुलगी असं बोलत नाही?

...

तुला ती ओळ पहिल्यापासूनच आवडली नव्हती? मग बोलली का नाहीस तेव्हा?... हं... विचारलं नाही मी. नाही विचारलं.

हे बघ, तरी नाही. आहेत तशी सहा चित्रं घे, पाचच्या आत संपव, काम हातचं जाऊ देऊ नकोस. जाहिरात माझ्या नावाने लागणार आहे. काही वेडंवाकडं झालं तर माझ्या नावाने खडे फोडतील लोक, तुझ्या नाही. तू पुढच्या वेळी कर काय करायचं ते. आज माझं ऐक.

काय म्हणालीस?... परत म्हण...

"बाई, तुम्हीच सांगता ना, काम द्या, भाव मागू नका. आजोबांना मी काम दिलं, चिंगीने तिचं तिने घेतलं. आता ते तिच्या हातातून काढून घेऊन तिला ओळ म्हणायला लावू?"...

...

नाही, लाइन तुटली नाही. आहे मी. आहे.

अहो, जरा ते दार लोटून घेता?... नाही, दुखत नाहीये. दोन मिनिटं... लोटा म्हटलं ना.

मुंगे, किती वाजले?... तीन वाजून गेले. दिवे सरकवायला त्यांना दहा मिनिटं लागतील. त्यांना सांग दिवे सरकवायला, आणि तू परत त्या बाथरूममध्ये जा... जा गं. मला तुला काहीतरी सांगायचंय. समोरासमोर मला नसतंच जमलं. अकरा वर्षं जमलं नाही.

गेलीस?... दार लावलंस?

चपलांची जाहिरात आठवते तुला? तुझा दुसरा दिवस होता माझ्याकडे. नाव सुद्धा माहीत नव्हतं मला तुझं. चपलांचे खोके एकावर एक रचून नेत होतीस, तोंड दिसत नव्हतं, नुसते खोके चालताना दिसायचे, म्हणून मी मुंगी म्हणायला लागले. चित्र काय होतं? आई कामाला निघालीय, मुलगी तिच्याकडे बघते आणि तिचे डोळे भरतात. भरत नव्हते. चौदा टेक. मी त्या पोरीला आधी चुचकारलं, मग चॉकलेट दिलं, मग... मग ओरडले तिच्यावर. सगळ्यांसमोर. सात वर्षांच्या मुलीवर. माझी पहिली मोठी जाहिरात होती गं, ती पडली असती तर परत कोणी दारात उभं केलं नसतं मला. ती मुलगी भिंतीला चिकटून उभी राहिली. आणि रडली मात्र नाही.

तेव्हा खोक्यांच्या मागून एक बारीक आवाज आला. "बाई, तिला काहीतरी काम द्या ना हातात." मी म्हटलं, कोण बोललं? तर तू म्हणालीस, "माझी आई कामाला निघायची तेव्हा मी तिच्या चपलेचं बक्कल लावून द्यायचे. मग रडू यायचं नाही. म्हणजे यायचं, पण बक्कल लागेपर्यंत थांबायचं."

...

आठवतंय का?... नाही?... बक्कल आठवतंय, पण बोलल्याचं आठवत नाही?

अगं, तू बोललीस. मला शब्द न् शब्द आठवतोय. मी त्या मुलीला बक्कल लावायला दिलं. घट्ट होतं, नवी चप्पल. ती गुडघ्यांवर बसली, जीभ बाहेर काढून, दोन्ही अंगठ्यांनी जोर लावत होती. आणि आईचं काम करणारी ती बाई, तिला मी काहीच सांगितलं नव्हतं, तिने आपसूक त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. तेच आपण दाखवलं. त्यालाच बक्षीस मिळालं. मी स्टेजवर गेले, आणि तिथे माइकसमोर सांगितलं, मला एकदम सुचलं!

तू खाली बसली होतीस. टाळ्या वाजवत होतीस. मला दिसत होतीस.

आणि तेव्हापासून दर वर्षी मी जाहिरात शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे उभी राहून सांगते, माझी पद्धत. काम द्या, भाव मागू नका. फळ्यावर लिहिते, खाली रेघ मारते. तू पण पहिल्या रांगेत बसून वहीत लिहून घेतलंस, त्याच वर्षी! तुझंच वाक्य! मला वाटलं, तू टोमणा मारतेयस. पण तू मान खाली घालून खरंच लिहून घेत होतीस गं... त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नाही. आणि तरी दुसऱ्या दिवशी बोलले नाही. त्यानंतर काय, जितके दिवस गेले तितकं तोंड उघडणं अवघड झालं.

मुंगे?... हॅलो?... हे बघ, रडायचं तर रड, पण हुंदके देऊ नकोस, मला काही ऐकू येत नाही.

काय?... नाही, "जाऊ द्या बाई" नाही. जाऊ द्यायचं असतं तर पाय मोडून पडल्यावर हेच एक का डोक्यात आलं असतं? काल मला इस्पितळात नेलंस, फॉर्म भरलास. ह्यांनी तो मला दाखवला. रुग्णाशी नातं, त्याच्यापुढे तू काय लिहिलंस?... "सहायक"! अगं, इस्पितळाच्या फॉर्मवर सहायक लिहितं का कोणी? हे पोट धरून हसत होते. मला हसता येईना.

माझं जे काही आहे ना, नाव म्हण, काम म्हण, ह्या घराचे हप्ते फिटले ते म्हण, त्याची सुरुवात तुझ्या त्या एका वाक्याने झाली. मी तुझी ऋणी आहे. खरंच आहे. आणि तू अकरा वर्षं माझी पिशवी उचलतेस आणि वर मलाच "थँक्यू बाई, तुमच्यामुळे शिकले" म्हणतेस. आज मी म्हणते. थँक्यू, बाळा. मनापासून.

...

हं... हं... नको आता. डोळे धू. साबण आहे ना तिथे?... आपलाच? बघ, उपयोगाला आला.

आता बाहेर जा आणि साहेबांना फोन दे... दे म्हटलं ना. मी काय बोलते ते बोलते.

नमस्कार साहेब... बरा आहे, पाय आहे तिथेच आहे. साहेब, आधी एक कबुली द्यायचीय. तुम्हाला सांगितलंय की मी फोनवरून दिग्दर्शन करतेय. ते खोटं आहे... म्हणजे सकाळपासून मी तसं करायला बघत होते, आणि त्यातच एकोणीस टेक फुकट गेले. ती माझ्यासारखं करत होती. मी नसताना माझ्यासारखं कसं होणार? दोष तिचा नाही... आजोबांचाही नाही. त्यांना जरा आत्ता बघा, त्या सायकलीपाशी.

नाव?... नाव तिचं जाईल, साहेब... मान्य, तुम्ही माझ्या नावामुळे आलात. पण माझी कुठली जाहिरात बघून आलात?... चपलांची. हां, ते बक्कल लावणारी मुलगी. तुमच्या सौंना पण आवडते?... ती कल्पना हिची आहे... हिची म्हणजे हिचीच, तुमच्यासमोर रडून लाल झालेल्या डोळ्यांनी उभी आहे तिची. तुम्ही बरोबर माणसाकडे आलात, साहेब, फक्त नाव चुकीचं वाचलंत. त्यात तुमचा काय दोष, लिहिलं मी होतं.

हो... साबण काळा होईल. होणार... साहेब, ऐका. तुमच्या घरी बेसिनवर कोणता साबण आहे?... आपलाच ना? आणि मुलगा संध्याकाळी खेळून आला, हात धुऊन गेला, की कसा दिसतो तो?... अगदी! सौ. ओरडतात?... मग तुम्ही तो टाकून देता का? पाण्याखाली धरला की झाला पांढरा. तेच दाखवायचंय तिला. पांढरा साबण तर दुकानात खोक्यातही दिसतो, त्याला जाहिरात कशाला हवी?

...

एक टेक. एकच मागतेय. नाही पटला तर पाचच्या आत तुमच्या सहीची सहा चित्रं ती जशीच्या तशी घेऊन देईल... हो, माझी ओळ सुद्धा... आणि तेव्हाही आजोबा हेच, हां. तेवढं नक्की... देताय? देवासारखे भेटलात... नाही, माझे आभार नका मानू. द्या, तिला द्या फोन.

हां, मुंगे. हो म्हणाले... अगं हो! एक टेक दिलाय. आता एक कर, क्लॅपच्या पाटीवर दिग्दर्शक म्हणून माझं नाव आहे ना, ते पूस... फडक्याने पूस, तळहाताने नको. आणि तुझं लिही. मुंगी नाही गं! खरं नाव लिही, पूर्ण, आडनावासकट. मला ते लिहिताना चुकायची भीती वाटते, इतकी वर्षं मी ते कधी लिहिलंच नाही.

लिहिलंस?... कसं दिसतंय?... वाकडं? असू दे.

दिवे तयार?... कॅमेरा जरा खाली घे, बेसिनच्या कडेला... नाही. नाही, काही नाही. विसर. तुला वाटेल तिथे ठेव... अगं खरंच विसर! मी ओठ दाताखाली धरलेत.

फोन चालू ठेवू? कशाला?... खिशात? धीर म्हणून?... नको. तुला मी ओळखते ना, खिशात माझा श्वास जरी वाजला तरी तू टेक थांबवशील. आणि मला माहितीय, मी श्वास वाजवीन.

उभे राहिलेत ते दोघं?... तुझ्याकडे बघतायत?... मग इथे काय करतेयस? जा!

काय?... भीती वाटतेय?

मलाही वाटतेय गं... नाही, तू नको, मीच ठेवते फोन. ठेवते हां.